गॉसिपचा पहिला अर्थ

मंगळवार, १२ मार्च

लाडके चिमणे,

कशी आहेस? टाके दुखतात का अजून? बाळ रात्री झोपू देतं का? इकडे सगळं ठीक. इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम रखडत रखडत 'जी' अक्षरापर्यंत आलंय. मुख्य संपादकांनी परवा एका स्वल्पविरामापायी दोघांशी अबोला धरला.

गेल्या आठवड्यात 'गॉसिप' माझ्या वाट्याला आला. आमच्याकडे नोंद पक्की करण्याआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, ठाऊक आहे तुला. हा शब्द मुळात 'गॉडसिब', म्हणजे देवाच्या साक्षीनं जोडलेलं नातं. दुसऱ्याच्या मुलाची जबाबदारी घेणारं माणूस. पुढे जिवलग मैत्रीण. मग बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्या बायका. आणि त्यांच्या गप्पांवरून शेवटी नुसत्या कुचाळक्या.

कुणीतरी विचारलं, "पण आत बसून त्या एवढं बोलायच्या तरी काय?"

जिभेला हाड नसतं ना. मी सांगितलं. तुझं नाव नाही घेतलं, 'एक मैत्रीण' म्हटलं. बाळ हातात देताना तू तोंड फिरवून म्हणालीस ते, "न्या त्याला, मला नको." सगळे हळहळले. मला, खरं सांगू, बरं वाटलं. माझी नोंद इतकी कान देऊन कधी कुणी ऐकली नव्हती.

मुद्रितं तपासणाऱ्या बाई तुझ्या मावससासूबाई आहेत, हे मी विसरले. विसरले असं लिहितेय, पण त्या समोरच बसल्या होत्या आणि मला दिसत होत्या. त्यांनी तुला बरोबर ओळखलं, आणि तिखटमीठ लावून घरी पोचवलं.

काल तू फोनवर रडलीस. "सासूबाई बाळाला माझ्याजवळ एकटं ठेवत नाहीत गं. कुणी सांगितलं असेल?" मी म्हटलं, "नर्सनं असेल." नर्सनं नाही, चिमणे. मी. तेव्हा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. लाज वाटते गं, फार लाज वाटते.

थोड्या वेळानं तूच त्याला मागून घेतलंस आणि उजाडेपर्यंत कुणाच्या हाती दिलं नाहीस, हेही मी पाहिलं होतं. ते मात्र बैठकीत सांगितलं नाही. त्यावर कोण हळहळणार होतं?

रविवारी येतेय. सासूबाईंना हे उरलेलं सांगेन. तू मला घरात घेतलं नाहीस तर त्यांना दारात बोलावून सांगेन.

नोंदीत जुन्या अर्थापुढे 'लुप्त' अशी खूण करायची असते. माझ्याच्यानं ती अजून झालेली नाही.

तुझ्या उशाशी बसले होते ती,
मी