आईच्या नकाशातली लेक

३ जून

चि. ठमीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून चकित होशील. पण फोनवर बोलायची सोय राहिली नाही. परवा शेजारणीशी गुडघ्याचं रडगाणं गायले, तर संध्याकाळपासून फोन मला गुडघ्याचे पट्टे दाखवतोय. माझ्या शिवणयंत्राने चाळीस वर्षांत एक शब्द बाहेर नेला नाही.

काल तू विचारलंस, बेकरीसमोर बावीस मिनिटं काय करत होतीस. केक खात होते. दोन. कोण कुठे आहे ते दाखवणारा, तू माझ्या फोनमध्ये घातलेला तो नकाशा हल्ली सगळ्याच घरांत असतो म्हणालीस. उवाही असायच्या.

पण बाई, त्यात तूही दिसतेस. फोन दुरुस्त करणाऱ्याने दाखवलं. तुझा ठिपका अठरा दिवस ऑफिसकडे फिरकलेला नाही, दहा ते पाच वाचनालयात बसतो. तुला पुस्तकांची गोडी कधीपासून लागली? खरं काय ते लिही.

माया आहेच, ती मोजायला यंत्र लागत नाही.

तुझी आई

९ जून

ती. आईस, शि. सा. नमस्कार.

आधी भांडणार होते, की तू माझ्यावर नजर ठेवतेस म्हणजे काय. लिहायला बसले आणि माझंच मला हसू आलं. तुला तो नकाशा उघडता येणार नाही, अशी माझी खात्री होती.

नोकरी गेली. ऑफिसने प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमध्ये एक पहारेकरी बसवला. बोटं थांबली की तो नोंद करतो. आम्ही अटी न वाचताच सह्या केल्या होत्या. मी खुर्ची असो की कपाट, आधी पेन्सिलीने कागदावर काढते. तेवढा वेळ त्याच्या लेखी मी झोपलेली. महिन्यात एकसष्ट तास झोपा काढल्या, असं साहेबांनी कागद पुढे करून सांगितलं. ज्या कपाटाला गिऱ्हाइकं रांग लावतात ते त्याच झोपेत सुचलं, असं मी म्हणाले. ते म्हणाले, आकडे खोटं बोलत नाहीत.

तुला सांगायची लाज वाटली आणि घरी एकटीला बसवेना. म्हणून वाचनालयात बसून अर्ज लिहिते.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझी ठमी

१४ जून

चि. ठमीस, आशीर्वाद.

लाज त्या साहेबाला वाटू दे. मी अर्धा तास नुसती कापडाकडे बघते, तेव्हा कुठे कात्री चालते. त्याने मला पहिल्याच दिवशी घरी धाडलं असतं.

आता माझं पाप ऐक. अठरा दिवस गप्प बसले, कारण तुझा ठिपका बघायची मला चटक लागली होती. विचारलं असतं तर तू तो बंद केला असतास. काम करता करता बघायचे आणि वाटायचं, पलीकडच्या खोलीतच आहेस. लेक तिकडे एकटी झुरतेय आणि आई इकडे ठिपक्यावर खूश. स्वतःचाच संताप आला. काल नकाशा काढून टाकायला लावला. चार दिवस राहायला ये.

तुझी आई

१९ जून

ती. आईस, शि. सा. नमस्कार.

मीही काढून टाकला. तरी दुपारी दोनदा हात फोनकडे गेला, तू कुठे धडपडली तर नाहीस ना म्हणून. सहा अर्ज गेले, उत्तर एकाचंही नाही.

शनिवारी येते. कुठवर पोचले ते मधूनमधून कळवणार नाही. दार लोटून ठेव आणि वाट बघ.

तुझी ठमी