दत्तूशेठच्या गाडीत मी कसा बसलो

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

सातपूर, नाशिक
सोमवार

श्री. पुंजारामभाऊ यांस,

सावळीरामचा हात जोडून रामराम. देवीच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहोत. तुमचा घसा कसा आहे? भाषणांनी बसला असेल तर कोमट पाण्यात हळद घ्यावी. (मत मागायला आवाज लागतो हे खरं, पण हात जोडायला लागत नाही.) विहीणबाईंना नमस्कार, योगेशरावांना आशीर्वाद. हर्षाली बरी आहे, फक्त कालपासून माझ्याशी बोलत नाही.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. तो फोटो. त्यातला माणूस मीच आहे. गळ्यातल्या उपरण्यावरचा चेहरा नगराध्यक्षपदाला तुमच्या विरोधात उभे असलेल्या दत्तूशेठचा आहे, हेही मी नाकारत नाही. खाली ‘पुंजारामभाऊंचे व्याहीसुद्धा आमच्यासोबत!’ असं लिहून तो गावभर फिरवला, ते मात्र माझं काम नव्हे. पण तेवढ्यावरून, साखरपुडा झालेला असताना, सोयरीक मोडायची भाषा तुमच्या ओट्यावर निघाली असं कानावर आलं, म्हणून लिहायला बसलो. फोन केला असता, पण फोनवर तुमच्यापुढे माझं एकही वाक्य पुरं होत नाही.

तर झालं असं. तुम्हीच निरोप धाडलात की रविवारी सकाळी दोघेही या, सोयरेधायरे प्रचारात दिसले पाहिजेत, गाडी मारुतीच्या पाराजवळ उभी असेल. आम्ही आलो. पाराजवळ गाडी उभी होती. पुढच्या काचेवर देवीचा फोटो, त्याला झेंडूचा हार, आत बायका देवीची गाणी म्हणत होत्या. आता माझी अडचण अशी आहे की देवीचा फोटो दिसला की माझे हात जोडले जातात, आणि हात जोडले की डोळे मिटतात. (सायखेड्याच्या शाळेत प्रार्थनेला डोळे उघडे ठेवणाऱ्याला गुरुजी छडी मारत. ती सवय या वयात कुठे जाणार?) डोळे मिटलेल्या माणसाला बॅनर वाचता येत नाही. मी डोळे उघडले तोवर आमची सौ. सगुणा खिडकीपाशी बसलेली होती. गाडी सप्तशृंगी गडावर निघाली आहे आणि हर्षालीचं जमलं म्हणून ओटी भरायची राहिलीच आहे, तेव्हा ही गाडी देवीनेच धाडली, असं ती म्हणाली. मलाही वाटलं की तुम्ही प्रचाराऐवजी देवदर्शनच ठेवलं. मनात म्हटलं, व्याही मिळाला तर असा भाविक! तुमच्याविषयी इतका आदर मला आजवर कधी वाटला नव्हता.

वाटेत मी विचार करत होतो. पूर्वी नगराध्यक्षाला नगरसेवक निवडत, तेव्हा सहल त्यांचीच निघायची. कुठल्या तरी हॉटेलात त्यांना कोंडून ठेवत, मटण खाऊ घालत, आणि मतदानाच्या सकाळी मेंढरांसारखे मोजून आणत. आता नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे सहल जनतेची. लोकशाही खाली उतरत उतरत आमच्या सीटपर्यंत आली, याचं मला खरंच बरं वाटलं. आमच्या नाशकात महापौर अजून नगरसेवकच निवडतात, त्यामुळे आम्हाला कोणी कुठे नेत नाही.

नांदुरीला चहाला थांबलो आणि उपरणी वाटली गेली, तेव्हा उजेड पडला. मी शेजारच्या चिमणाबाईंना विचारलं, ही गाडी पुंजारामभाऊंची ना? त्या म्हणाल्या, “अहो दादा, गाडीतबी बसले, चहाबी प्याले, आन् आता मालक विचारता व्हय?” सगळी गाडी हसली. उतरून परत फिरावं, तर गडाच्या पायथ्याशी येऊन देवीकडे पाठ कशी करायची? आणि वर वारा असा बोचरा की उपरण्यावर कोणाचा चेहरा आहे हे पाहण्याची सोय नव्हती. मी कान बांधले. नेमका तेव्हाच फोटो निघाला.

दर्शनानंतर दत्तूशेठने सगळ्यांना नारळाला हात लावून मत द्यायची शपथ घ्यायला लावली. मीही हात लावला. रागावू नका. माझं मत सातपूरला आहे. तुमच्या गावात मी दत्तूशेठला मत देतो म्हणालो काय आणि गोदावरी अडवतो म्हणालो काय, सारखंच. देवीलाही हे मी मनातल्या मनात सांगून ठेवलं आहे.

तेव्हा भाऊ, चूक माझ्या डोळ्यांची आहे, पोरीची नाही. तिचं आणि योगेशरावांचं मन जुळलं आहे, ते दोन उमेदवारांच्या भांडणात मोडू नये. मला शिक्षा म्हणून चौकाचौकात तुमचं उपरणं घालून उभं करा, पण लग्न ठरल्याप्रमाणे होऊ द्या. जेवणाच्या विषयावर या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलो होतो.

आपला नम्र,
सावळीराम

ता. क. जेवणाविषयी. मतदानाच्या आधीच्या रविवारी लॉन्सवर लग्न, सबंध गावाला, कोणाच्याच घरी चूल पेटू नये असं, चूलबंद आवतण आणि पंगती मुलीकडच्यांनी घालायच्या, म्हणजे ते निवडणूक खर्चात धरलं जात नाही, असं तुम्ही साखरपुड्यात म्हणाला होतात. मी ‘विचार करतो’ म्हणालो होतो. विचार केला. सगळं गाव जेवू घालायचं तर सायखेड्याची माझ्या वाट्याची जमीन विकावी लागेल.

आणखी ता. क. परतीच्या वाटेवर बायकांनी सगुणाला विचारलं, व्याही काय काय मागत्यात? ती म्हणाली, “काय बी नाय. म्हणत्यात, पोरगी द्या आन् नारळ द्या. चार माणसांत देवळात लगीन लावू.” मी खोकलो, पण खोकल्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. चिमणाबाई दत्तूशेठचा प्रसाद हातात घेऊन म्हणाल्या, “असा माणूस लय कमी! मग मत त्यालाच.” आणि सगळ्या गाडीने ‘व्हय, व्हय’ केलं. घरी आल्यावर मी सगुणाला म्हटलं, गडावरून येताना खोटं बोललीस? ती म्हणाली, “खोटं कुठं? व्हायच्या आधी सांगितलं एवढंच.”

शेवटचं ता. क. चिमणाबाई त्या बायकांना घेऊन बुधवारी तुमच्याकडे येणार आहेत, तुम्हाला ओवाळायला. लग्न कुठल्या देवळात, हे त्या विचारतील. देऊळ तेवढं ठरवून ठेवावं, ही विनंती.