हौदा आणि डिकी

३ मे
जुनी स्टेशन वॅगन काढायची, पक्कं. पिकअप बुक केली. काळी, उंच, मागे हौदा. भाची भाविकाचं लग्न आलंय. नवरी याच गाडीतून हॉलवर जाणार. मंगलाष्टकांना नवरीमागे मामा उभा असतो. त्या मामाची गाडी भंगार कशी चालेल? अंजना म्हणाली, याच भंगारात आपला संसार फिरला. बायकोला गाड्यांतलं कळत नाही.

९ मे
पिकअप आली. निष्पक्ष तुलना केली.
वॅगन: बुटकी. डिकी लांबलचक, सगळं घर मावतं. एसी नुसता आवाज करतो.
पिकअप: रुबाब. एसी म्हणजे बर्फ. अंजनाला चढायला प्लॅस्टिकचं स्टूल लागतं, पण तो दोष अंजनाचा.
स्टूल गाडीतच ठेवलं.

१० मे
वॅगन चुलतभाऊ कमलेशला देऊन टाकली. बिचारा खूश झाला. लहान माणसं लहान गोष्टींत खूश होतात.

१४ मे
मान वाढला! अंबरनाथमधल्या अर्ध्या भावकीचे फोन. जो तो हरिदादा, हरिदादा. सकाळी मांडवाचे बांबू नेले, दुपारी कुणाचा तरी फ्रिज. कमलेशला कुणी फोन करतं का? नाही.
संकल्प: यापुढे हौद्यात फक्त फुलं.

१७ मे
भाविकाची हळद. हौद्यात मटणाचे टोप, शेजारी डीजेचे स्पीकर. वळणावर रस्सा सांडला. हौदा तीनदा धुतला, परफ्यूम मारला. आता परफ्यूमला मटणाचा वास येतोय.
उद्यापासून सगळ्यांना स्पष्ट नाही म्हणायचं.

१८ मे, सकाळी
गाडीला झेंडूच्या माळा लावल्या. निघणार तेवढ्यात बहिणीचा, गोदूचा, मांजर्लीहून फोन. आंदणाचं कपाट उल्हासनगरला कॅम्प चारच्या दुकानात अडकलंय, टेम्पोवाला आलाच नाही. म्हणाली, "दादूस, तुझ्याकडं हौदा हाय. तुझ्याबिगर कोन हाय मला?"
आता याला नाही कसं म्हणणार? जातो आणि येतो. मुहूर्त साडेबाराचा. वेळच वेळ.

१८ मे, अकरा वाजता
दुकानाबाहेर बसून लिहितोय. दुकानाचा सिंधी शेठ मघापासून म्हणतोय, "साईं, बस पाँच मिनिट." गोदामाची चावी घेऊन गेलेला माणूस येतोय म्हणे.
अंजनाचा फोन आला. नवरी कमलेशच्या वॅगनमधून हॉलवर निघाली. म्हणाली, एवढा जड शालू नेसून पोर तुमच्या गाडीत चढली कशी असती? आणि स्टूल तर तुमच्याकडेच.
हरकत नाही. गाडी गौण आहे. मंगलाष्टकांना मामा मीच.

१८ मे, दुपारी
बदलापूरला हॉलवर पोचलो तेव्हा पंगत बसली होती. भटजींनी मामाला हाक मारली, कुणीच पुढे आलं नाही, शेवटी कमलेश उभा राहिला. गोदू डोळे पुसत आली आणि कपाट नीट आलं का, विचारलं. भाविका रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मामा, जेवलास का?"

१८ मे, संध्याकाळी
पाठवणी. पुढे वॅगनमध्ये नवरी, मागे पिकअपमध्ये मी आणि कपाट. वॅगनच्या मागच्या मोठ्या काचेतून भाविका सासर येईपर्यंत मला हात करत होती.
कपाटाला साधा ओरखडाही नाही, हे इथे नमूद करतो.
माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. या गाडीचा एसी फारच जोरात आहे. वॅगनमध्ये असं कधी झालं नव्हतं.