घरात डॉक्टर असताना

कोराडी, फेब्रुवारी १९८८

प्रिय रविंद्र,

'प्रिय' हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, त्यानं फुगू नकोस. चंद्रपूरला ट्रंक कॉल लावून लावून थकले. दर वेळी तुझा कंपाउंडर सांगतो, डॉक्टरसाहेब पेशंट तपासताहेत. म्हणून हे पत्र तुझ्या भावजींच्या हाती पाठवते आहे. सोबतच्या मोठ्या लिफाफ्यात आईच्या पोटाचे सीटी स्कॅनचे फोटो आहेत. हो, तुला न विचारता काढले.

वर्ष झालं, आई जेवली की पोट धरून बसते. आधी गोळाभात सोडला, मग भाकरी अर्ध्यावर आली, शेवटी तिला ताटाचीच भीती वाटायला लागली. तुला कळवलं, तर तू एसटीच्या कंडक्टरजवळ आवेच्या गोळ्या पाठवल्यास. शौचाला रक्त पडलं तेव्हाही गोळ्याच, वर चिठ्ठी, तिखट बंद करा म्हणून. दिवाळीला आलास, कॉलनीभर नवी फियाट मिरवलीस, आईच्या हातच्या करंज्या हाणल्यास, पण तिच्या पोटाला एकदाही हात लावला नाहीस. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय!

आणि घरात दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढायची सोय नाही. "पोरगा डॉक्टर असून मी परक्याले पोट दाखवू? लोकं काय म्हणतीन वं?" आपल्या सोयऱ्यांत ही रीतच पडली आहे. घरातला एक मुलगा डॉक्टर झाला की बाकीच्या डॉक्टरांकडे जाणं म्हणजे त्याचं नाक कापणं. मी समजावलं, भांडले, रडले, ती ढिम्म हलली नाही. मग मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, रविंद्रचा निरोप आलाय, नागपुरात नवीन मशीन आलं आहे, त्यात आईची तपासणी करा. लगेच धुतलेलं लुगडं नेसून तयार! तिथल्या माणसाला कौतुकानं सांगत होती, "माह्या पोरानं पाठवलं मले." तेव्हा तुझा इतका संताप आला, की तू समोर असतास तर मी हात उचलला असता.

फोटोत काय निघालं ते वाच. मोठ्या आतड्याचा उजवीकडचा भाग सुजून त्याची भिंत जाड झाली आहे, आणि त्याला रक्त पुरवणारी धमनी मुळाशीच अरुंद झाली आहे. सर्जन म्हणाले, रक्त कमी पडून आतडं असं बिघडतं ते बहुधा डावीकडे. नुसतं उजवीकडेच, हा प्रकार क्वचित दिसतो आणि जिवावर बेततो. स्कॅन नसता तर त्यांनाही इतक्यात उमगलं नसतं. म्हणजे तुला ओळखता आलं नाही, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तू बघितलंच नाहीस, ते मी विसरणार नाही.

आता हे का लिहिते ते नीट ऐक. तो भाग कापून काढला नाही, तर आतडं केव्हाही फुटेल. तिला नागपुरातच दाखल केलं आहे, सर्जन तयार आहेत, आणि आई नाही म्हणते! "रविंद्र आल्याबिगर मी टेबलावर नाही जात. त्यानंच रोग धरला, आता त्यालेच इचारा." वॉर्डभर सांगत सुटली आहे, की माझ्या पोरानं चंद्रपुरात बसून रोग ओळखला. तेव्हा दवाखान्याला कुलूप लाव आणि भावजींबरोबरच नीघ. तिच्या खाटेशी उभा राहा आणि म्हण, हो आई, मीच पाठवलं होतं, आता ऑपरेशन करून घे. ती सगळ्यांदेखत बोटं मोडून तुझी दृष्ट काढेल, नर्सा तुझं कौतुक करतील, मी शेजारी उभी राहून चकार शब्द काढणार नाही. हे सगळं तुला ऐकून घ्यावं लागेल. खरं सांगून मन हलकं करायला जाशील तर याद राख. ती टेबलावरून जिवंत खाली येईपर्यंत तुला तिचा हुशार मुलगाच राहायचं आहे.

तुझीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
इंदूताई