पटक्यावरून न जाणारा स्वेटर

लुधियाना, रविवार, दुपार

ती. मनकर्णाआक्कास,

धाकट्या परमेश्वरचा नमस्कार. (दोन्ही हातांनी केलाय, सुया खाली ठेवून.) तुझी कंबर आता कशी हाय? दाजींचा राग उतरला का वाढला? धनश्री शाळेत जाती का अजून फाटकाला धरून रडती? मी बरा हाय असंच लिहितो, कारण बरा न्हाई म्हणलं तरी कामावर जावंच लागतं. थंडी अशी हाय की सकाळी नाक जागेवर हाय का ते हात लावून बघावं लागतं.

फोन सोडून पत्र कावून, असं तू म्हणशील. फोन आला की तू स्पीकर चालू करतीस आणि तुझ्याकडं जेवायला बसलेल्या आबांसमोर धरतीस. आबा ताटावरून उठून मेंढरांकडं जातेत आणि मी तुझ्या कोंबड्या ऐकत बसतो. दोन वर्षं हेच चाललंय. पत्रावरून उठून जायचं असंल तर आधी वाचता यावं लागतं, ते आबांना येत न्हाई, म्हणून हे बरं.

सोबत एक स्वेटर हाय. निळा. आबांसाठी मी स्वतः विणलाय. हसून घे, मग पुढं वाच.

तू मागं सांगितलंस की आबा पहाटं मेंढरं काढताना लई खोकतेत, घोंगडं खांद्यावरून घसरतं, आणि काठी धरावी का घोंगडं धरावं ते कळत न्हाई. ते ऐकून दोन दिवस मला अन्न ग्वाड लागलं न्हाई. आता मी कामाला हाय स्वेटरच्याच कारखान्यात. (ट्रकवरचं क्लिनरचं काम सोडलं, त्याआधी पुण्यातलं हॉटेल सोडलं, त्याआधीचं तुला माहीत हाय.) खोकी भरून गाडीत चढवतो. तिथं मशीन दिवसात ढीगभर स्वेटर काढती. त्यातला एक घेऊन धाडला असता तरी भागलं असतं. पण बाजारचा कपडा आबा चार दिवसांत दुसऱ्याच कुणाच्या अंगात घालून येतेत, हे आपण दर दिवाळीला बघतो. म्हणून मी घरमालकीण बीबीच्या खाटेपाशी जाऊन बसलो. बीबी सत्तरीची, बोलती पंजाबी. त्यातलं निम्मं मला कळतं, आणि सगळं विणकाम त्या न कळलेल्या निम्म्यात निघालं.

टाके मोजायला माझी पाचवी पुरली न्हाई. मग मी मेंढरं मोजतो तसे वीस-वीसचा एकेक इसा करून मोजले: पाच इसा आणि वर सहा. बसताना मोजायचे, उठताना मोजायचे. एके दिवशी एक कमी भरला. मेंढरू कमी भरलं की आबा जेवत न्हाईत, तसा मी पण ताट झाकून शोधायला बसलो. तर तो सुटलेला टाका चार बोटं खाली एकटाच उभा, तोंड वासून. बीबीनं कानाला धरून वर आणला तवा कुठं मी जेवलो. कारखान्यातला पप्पू रोज विचारायचा, "क्यों बे, किसके घर बच्चा हो रहा है?" मी सांगितलं की हे बापासाठी हाय. तवापासून तो सगळ्यांना सांगत फिरतो, याच्या घरी बाप होणार हाय.

खरी पंचाईत गळ्याची झाली. बीबीनं विचारलं, गळा केवढा? मी विचार केला, स्वेटर घालायचा डोक्यावरून, आणि आबांच्या डोक्यावर पटका. तो आबा कुणासमोर उतरवत न्हाईत. म्हणजे गळा पटक्याएवढा पाहिजे. माप कुठून आणू? आंघोळीची बादली बघितली, अंदाज बरोबर वाटला, ती बीबीसमोर ठेवली. बीबीनं बादलीला लोकर गुंडाळून माप घेतलं. (तिला वाटलं असंल, यांच्याकडं मुंडकी अशीच असतेत.) महिन्यानं स्वेटर झाला. मी घालून बघितला, तर दोन्ही खांद्यांवरून सुटला आणि कमरेवर येऊन परकरासारखा अडकला. तेवढ्यात बीबीचे मालक सरदारजी आले. ते हसून हसून खाटेवर आडवे झाले, मग स्वतःच्या पगडीला बोट लावून म्हणले, "ओये, पहले स्वेटर, फिर पगडी!"

आक्का, आख्खी गल्ली पगडीवाल्यांची. सगळ्यांच्या अंगात स्वेटर. मी रोज बघतो. तरी माझ्या टाळक्यात आलं न्हाई.

कारण आबांचं डोकं उघडं मी दोनदाच बघितलंय. एकदा आई गेली तवा. दुसऱ्यांदा गेवराईच्या स्टँडवर. तू नव्हतीस, पण राधाकिशन चहावाल्यानं तुला सांगितलंच असंल. मेंढरामागं जन्म घालवणार न्हाई, असं मी सकाळी बोललो होतो आणि गाडीत जाऊन बसलो होतो. आबा आले. मला वाटलं मारतेत. मारलं असतं तर मी उतरलो असतो. पण त्यांनी खिडकीसमोर उभं राहून पटका सोडला, एकेक वेढा, लई सावकाश, काखेत धरला, आणि मातीला जातेत तसे उघड्या डोक्यानं घराकडं चालू लागले. स्टँडवरची माणसं कोण मेलं ते विचारत होती. मी खिडकीत बसून ऐकत होतो.

असो. वरचा भाग सगळा उसवला आणि साधा गळा विणला. आता तो पटक्यावरून जात न्हाई. उजवी बाही डावीपेक्षा चार बोटं लांब झालीय. काठी त्याच हातात असती, गार तिथंच लागतं, असं आबांना सांग. लोकर इकडची, लई मऊ. आबा दोन बोटांत चोळतील आणि म्हणतील, ही मेंढी न्हाईच. म्हणू दे.

धनश्रीचा एक पापा घे. दाजींना नमस्कार, राग उतरला असंल तरच.

तुझा,
परमेश्वर

ता. क. मी विणलाय हे सांगू नको. नारायणगडच्या यात्रेत घेतला म्हण. यात्रेतल्या माणसाला आपलं माप कसं कळलं असं आबांनी विचारलं, तर म्हण की कळलं न्हाई, घालून बघा.

ता. क. वरचं खोडायचं राहिलं. मीच विणलाय म्हणून सांग.

ता. क. तू हुशार हायेस, तू विचारशील की पुढून बटनाचा कावून न्हाई केला, पटक्याला हात लावायची गरजच पडली नसती. गळा उसवला तवा बीबीनं हेच सांगितलं. डब्यातून सहा बटनं पण काढून दिली. मी ती परत केली. आक्का, बटनाचा मला जमला असता. मुद्दाम न्हाई केला. माझ्यासाठी आबांनी एकदा पटका उतरवला, मेला म्हणून. आता जिता हाय म्हणून एकदा उतरवू दे. उतरवला तर मला फोन कर, आणि स्पीकर चालूच ठेव.