कामापुरती ओळख

डेट्फर्ड, इंग्लंड, मार्च १९२१

प्रिय आल्विन,

तुझी आई गेल्या मंगळवारी सकाळी गेली. फारसे हाल झाले नाहीत. शेवटी तिची नजर गेली होती, म्हणून जर्मनीहून येणारी तुझी पत्रं मीच तिला वाचून दाखवत असे. त्यांत माझं नाव कधी आलं नाही. येणार तरी कसं? छावणीतल्या तुझ्या एकाही पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं.

तो चित्रपट तुला आठवतच असेल, कादंबरीवरून काढलेला, चौदा सालच्या वसंतातला. मी स्टुडिओत कपडेपट सांभाळायचे. जर्मन हेराच्या कामाला चेहरा हवा होता, आणि मीच तुला तुमच्या सॉसेजच्या दुकानातून ओढून नेलं. "लग्नाआधीच नवऱ्याला नाचवतेस होय गं?" म्हणून तुझी आई हसली होती. बुटात नकाशे लपवताना तुला हसू आवरेना, तेव्हा दिग्दर्शक ओरडला, "अरे, इंग्लंड विकायला निघालायस, सासुरवाडीला नाही!"

मग लढाई आली. पुढच्या मे महिन्यात जर्मनांनी ते प्रवासी जहाज बुडवलं, आणि त्याच आठवड्यात नाक्यावरच्या थिएटरात तोच चित्रपट पुन्हा लागला. लोक तिथून उठून थेट तुमच्या दुकानावर आले. "हाच तो नकाशेवाला!" काचा, गाद्या, आईचा पियानो, सगळं रस्त्यावर.

कागदोपत्री जर्मन म्हणून पोलिसांनी तुला छावणीत नेल्यावर आई रोज त्या थिएटरात जाऊन बसायची. लोक पडद्यावरच्या तुला शिव्या घालत, आणि ती माझ्या कानात म्हणायची, "बघ, किती वाळला होता तेव्हा." तुला हिंडताफिरताना बघायला तिला दुसरी जागाच नव्हती.

तुला नेल्याच्या चौथ्या दिवशी एक अधिकारी स्टुडिओत आला होता. "तुमचं लग्न ठरलंय म्हणतो तो. माणूस भला आहे असं लिहून द्या, सोडायचं बघू." सगळ्या मुली सुया थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "तो माझा कोणी नाही. कामापुरती ओळख." त्यानं कोरा कागद घडी करून खिशात घातला. मग तुझी चार वर्षं काटेरी तारेआड गेली, आणि पुढे जिथली भाषाही तुला धड येत नव्हती त्या जर्मनीत तुला धाडलं.

ती जाण्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी आईला हे सांगितलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मला कशाला सांगतेस पोरी? त्याला लिही." म्हणून लिहिलं.

तुझी म्हणवण्याचा हक्क जिनं स्वतःच सोडला, ती

हेस्टर