घरचाच माणूस

१२ ऑगस्ट, मंगळवार

हिरा पडला. सानपाड्याच्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावरून. जुनं ग्रिल काढून नवं बसवायचं होतं. गणपतीच्या आत पाहिजे म्हणून ते लोक मागे लागले होते. बेल्ट बांधला होता त्याने. पण बेल्टचा हूक अडकवला जुन्याच ग्रिलला, आणि ते गंजून भिंतीतून सुटलेलं. मी आतल्या खोलीत ड्रिल मारत होतो. आवाज आला तेव्हा वाटलं, ग्रिलच पडलं.

पार्किंगच्या पत्र्यावर आपटून मग खाली. पत्र्यामुळे वाचला म्हणतात. शुद्धीत होता. मला म्हणाला, "दत्ता, माजं पाय कुठं हायत?"

पुढे लिहवत नाही.

१३ ऑगस्ट

पाठीचा मणका. ऑपरेशन झालं. चालेल का, तर डॉक्टर म्हणतात, बघू. मी कुणाला दरवाजा कधी होईल म्हणून 'बघू' सांगितलं तर लोक अंगावर येतात.

हिराची बायको वनिता काल दिवाळे गावातून तशीच आली होती, मासळीची पाटी शेजारणीच्या हवाली करून. रडेल म्हणून मी मनाची तयारी करून उभा. ती एवढंच म्हणाली, "दादा, बेल्ट व्हता ना?" होता म्हटलं. खोटं नाही बोललो.

बायकोला, सुमनला, पॉलिसीची आठवण झाली. धंद्याची. याच सोसायटीने मागितली म्हणून घेतलेली, नाहीतर गेटच्या आत घेत नव्हते. तेव्हा मी शिव्या घातल्या होत्या. आज सु.ने देवाजवळ ठेवली ती.

१८ ऑगस्ट, सोमवार

पाटकर एजंट गाळ्यावर आला. चहा घेतला, कागद चाळले. "तुमच्याकडे कामाला आहे ना तो? मग टेन्शन नको. एक कामगार या पॉलिसीत धरलेलाच असतो."

तिथल्या तिथे वनिताला फोन लावला. हॉस्पिटलचं आणि पुढचंही सगळं कंपनी बघेल, म्हणून सांगितलं. तेव्हा रडली ती.

मलाही बरं वाटलं. किती दिवसांनी पोटभर जेवलो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

वाशीला कंपनीच्या ऑफिसात बोलावलं. काचेची केबिन, गार हवा. पॉलिसी घेताना फोनवर जे बोललो त्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मागे ग्राइंडर चालू आहे आणि मी ओरडून बोलतोय. ती मुलगी विचारते, कामाला कोण कोण आहे? मी म्हणतो, "कामाला असं कोणी नाही हो. मी आणि हिरा. हिरा म्हणजे घरचाच माणूस." ती विचारते, म्हणजे फॅमिली? "हो हो. फॅमिलीच समजा."

समजा म्हटलं होतं मी. त्यांनी समजलं.

घरच्या माणसाला ही पॉलिसी लागू नाही. क्लेम नामंजूर.

मी म्हटलं, अहो साहेब, बोलायची पद्धत असते आपली. तो कोळी, मी साताऱ्याकडचा, आडनाव जुळत नाही, आमच्या कालवणातलं तिखट जुळत नाही, कसला नातेवाईक? साहेब चांगला होता, तेच वाईट. म्हणाला, "मला कळतं हो. पण पद्धतीचं कलम नाही."

खाली येऊन गाडीवर नुसता बसून राहिलो. वनिताला काय सांगू. पहिला फोन करायची एवढी घाई झाली होती मला.

४ सप्टेंबर, गुरुवार

पाटकर म्हणतो अपील करू. हिरा पगारी कामगार आहे हे दाखवायचं. पगाराची पावती? नाही. हजेरी? नाही. दर शनिवारी खिशात हात घालून दिलं, त्यानेही बघितलं नाही आणि खिशात टाकलं. दिवाळीचा बोनस? कधीच नाही. घरच्याला कसला बोनस. भाऊबीजेला दिवाळे गावात जातो, वनिता ओवाळते, ताटात साडी घालतो.

"साडीची पावती चालेल का?" मी विचारलं. पाटकर हसला. मग माझं तोंड बघून कागद चाळायला लागला.

१० सप्टेंबर, बुधवार

शेवटी वनिताला सांगितलं. हॉस्पिटलच्या जिन्यात. आधी नीट ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "घरचा म्हनून बोनस नाय. घरचा म्हनून सुट्टी नाय, आमच्या हलदीच्या दिवशी पन त्याला कामाव नेलात. आता घरचा म्हनून इन्शुरन्स पन नाय. दादा, घरचा होऊन त्याला गावला काय?"

जिन्यात माणसं येत-जात होती. मी बाजूला सरकून त्यांना वाट देत राहिलो.

रात्री सु.ला सांगितलं. मला वाटलं माझी बाजू घेईल. म्हणाली, "ती काय चुकीचं बोलली?" डोकं फिरलं माझं. ताट तसंच ठेवून उठलो.

१५ सप्टेंबर, सोमवार

पत्र दिलं. 'हिराजी हा माझा पगारी नोकर असून त्याचे माझ्याशी कोणतेही नाते नाही.' मी 'कामगार' लिहीत होतो. पाटकर म्हणाला, नोकरच लिहा, आणि नात्याचं वाक्य पाहिजेच. सही करताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. पण पाठीत मोडून पडलाय तो. माझ्या हाताचं काय कौतुक.

हिराला सांगितलं नाही. सांगतो एक-दोन दिवसांत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सांगायचं राहिलं, आणि आज कंपनीचा चौकशीवाला हॉस्पिटलात जाऊन आला. मला थांबू देणार नव्हतेच, मी समोरच्या टपरीवर. आत काय झालं ते वनिताकडून कळलं.

त्याने विचारलं, हा दत्तात्रय तुमचा कोण? तर हा गडी उशीवर मान वर करून म्हणाला, "भाव हाय माजा. मी घरचाच हाय, कुनाला पन इचारा." त्याला वाटलं कोणीतरी माझ्यावर केस करायला आलंय. मला वाचवत होता येडा.

मग त्या माणसाने माझं पत्र काढून वाचून दाखवलं. कोणतेही नाते नाही, इथपर्यंत. वनिता म्हणते, त्याने मान परत उशीवर टाकली. वरच्या पंख्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मालकान लिवलंय ना? मंग तसाच."

चौकशीवाल्याने दोन्ही लिहून घेतलं. पहिलंही आणि दुसरंही. आता कुठलं धरायचं ते वरचं ऑफिस ठरवणार.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गेलो. मोसंबी नेली होती, आजारी माणसाकडे परक्यासारखी. म्हटलं, हिरा, ऐक, ते पत्र...

"शेठ, बसा ना," म्हणाला.

म्हटलं गप ए, शेठ काय. तर अगदी शांतपणे, "सवय करतंय. परत कोन इचाराला आयला तं चुकाला नको."

टोमणा होता की खरंच, कळलं नाही. त्याचा चेहरा मला आजवर कळत होता. कट मारताना पट्टी कुठे धरायची ते बोलायचीही गरज पडायची नाही आम्हाला. आज माणूस समोर आणि कळत नाही.

पायाला अजून काही जाणवत नाही त्याच्या. बोट दाबलं तरी.

२ ऑक्टोबर, दसरा

तुर्भ्याच्या गाळ्यात पूजा. वेल्डिंग मशीनला हार दरवर्षी हिरा घालायचा, मी नारळ फोडायचो. यंदा दोन्ही मीच. त्याचा हातमोजा खिळ्याला तसाच. त्याला पण हळदकुंकू लावलं, मग रडू आलं आणि शटर खाली ओढलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हिरा घरी गेला. व्हीलचेअर आली. दाराचा उंबरा मीच कापला आणि लोखंडी उतार करून दिला. चांगला झालाय. "शेठ, मजुरी किती?" म्हणाला. शेजारी हसले. त्यांना गंमत वाटली.

अपिलाचं काही नाही. पाटकर म्हणतो दिवाळीनंतर.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सकाळी पिशवी भरली. साडी, दरवर्षीसारखी, सु.ने निवडलेली. आणि पाकीट. पाटकर म्हणतो यंदा बोनस द्याच, पावतीवर हिराची सही घ्या, वर दाखवता येईल. सु. म्हणाली, दोन्ही नका नेऊ, काय ते एकच ठरवा. ठरेना. दोन्ही नेलं.

हिरा खाटेवर होता. "वनिता, शेठ आयलं. खुर्ची आन." त्या घरात मी कधी खुर्चीवर बसलो नाही. त्याच्याच खाटेवर, पाय बाजूला सार म्हणून त्याला ढकलून बसायचो. आज खुर्चीवर बसलो.

वनिता आतून ताट घेऊन आली. दिवा, कुंकू, सुपारी, सगळं होतं. पाट मांडला नव्हता. तिला पाकिटाचं कुणी सांगितलं होतं कोण जाणे. म्हणाली, "दादा, पिशवीत काय हाय ते पयले बाहेर काढा. मंग पाट मांडाचा का नाय ते मी ठरवीन."

पाकीट दिलं तर त्याचा क्लेम कदाचित उभा राहील. त्याचं उरलेलं आयुष्य आहे त्यात. हे तिलाही माहीत. म्हणून तर माझ्याकडून वदवून घेत होती. मी हिराकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

जरा येतो म्हणून उठलो. "दिवेलागनीपर्यंत ताट ठेवतंय," ती म्हणाली.

जेट्टीवर बसून हे लिहितोय. पिशवी मांडीवर. मागे पोरं टिकल्या फोडतायत. सु.चा फोन आला, ओवाळून झालं का? म्हटलं, अजून उजेड आहे.